स्कोअर म्हणजे नक्की काय काय?

कानामात्रा
एक जुनी इंग्रजी कथा मराठीत आणतेय. कथा छोटीशीच, पण एका शब्दाने वात आणलाय: स्कोअर. पहिल्याच पानावर म्हातारा 'थ्री स्कोअर अँड टेन' वर्षांचा आहे. पुढे गुत्तेवाला त्याच्या नावावरचा 'स्कोअर' दाराच्या चौकटीवर मांडतो. मध्येच त्याच्या गालांवर 'स्कोअर्ड' रेषा येतात. आणि ज्या वाक्यावर अख्खी कथा उभी आहे त्या शेवटच्या वाक्यात म्हातारा परत येतो तो 'टु सेटल द स्कोअर'. उधारी फेडायला आलाय की सूड उगवायला, हे लेखकाने मुद्दाम झाकून ठेवलंय.

आपण स्कोअर म्हणतो तो मॅचचा, नाहीतर परीक्षेचा. शब्दकोशात बघावं तर पान भरून अर्थ. हे सगळे एकाच शब्दाचे, की वेगवेगळे शब्द योगायोगाने एका तोंडवळ्याचे झालेत? तुमच्या कामात हा शब्द कुठे भेटतो तेही लिहा. शेवटच्या वाक्याला चपखल मराठी सुचवेल त्याला माझ्याकडून पैकीच्या पैकी.

अवलिया
मी पहिला! स्कोअर १-०. चालू द्या.

जुनाट
एकच शब्द आहे. जुन्या नॉर्स भाषेत 'स्कोर' म्हणजे खाच, आणि त्याच भाषेत त्याचा अर्थ वीस असाही होता. मोजताना काठीवर खाचा पाडायच्या, वीस झाले की एक मोठी खाच. खाच, हिशेब आणि वीस हे तिन्ही अर्थ तिथेच एकत्र नांदताना दिसतात. खेळातले गुण फार नंतरचे.

इंग्लंडच्या उत्तर भागात मेंढपाळांची मोजायची वेगळीच गणती होती: यान, टॅन, टेथेरा अशी सुरू होणारी. गावोगाव उच्चार बदलतात, पण बहुतेक ठिकाणी ती विसाला थांबते. पंधराला काही भागांत 'बमफिट' म्हणतात, ते मला फार आवडतं. वीस मेंढ्या झाल्या की एक खाच, पुन्हा यानपासून सुरू.

सरकारी खजिन्यातही हाच प्रकार. बाराव्या शतकातल्या एका लॅटिन ग्रंथात खाचांची मापं दिलेली आहेत. हजार पौंडांना तळहाताच्या जाडीएवढी, शंभराला अंगठ्याएवढी, विसाला करंगळीएवढी आणि एका पौंडाला टपोऱ्या जवाच्या दाण्याएवढी. मग काठी उभी चिरायची, एक फाक देणेकऱ्याकडे, एक घेणेकऱ्याकडे. दोन्ही जोडल्या की खाचा जुळल्या पाहिजेत. खोटं करायची सोयच नाही. ही पद्धत १८२६ पर्यंत चालली. नंतर साठलेल्या काठ्यांचं करायचं काय, म्हणून १६ ऑक्टोबर १८३४ रोजी त्या लॉर्ड्स सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळल्या. भट्ट्या इतक्या तापल्या की त्या रात्री जवळजवळ अख्खं पार्लमेंट जळालं.

जाता जाता, आणखी मागे गेलात तर 'कापणे' अर्थाचं भारोपीय (भारत-युरोपातल्या भाषांचं सामाईक) मूळ लागतं. इंग्रजीतले शिअर, शॉर्ट, शर्ट, स्कर्ट त्याच गोतावळ्यातले. संस्कृतातलं कृन्तति आणि कर्तरी त्याच घराण्यातले, आणि कर्तरीची झाली आपली कात्री. स्कोअर आणि कात्री लांबच्या बहिणी.

वाचनमग्न
जुनाट, काय प्रतिसाद आहे! शर्ट आणि कात्री एका घरातले हे वाचून शिंपी खूश होतील.

चष्मिष्ट
आधी एक ठरवा. स्कोअर की स्कोर? धाग्यात दोन्ही दिसतंय.

जुनाट
नॉर्स शब्द 'स्कोर', इंग्रजी 'स्कोअर'. माझ्या प्रतिसादात म्हणून दोन्ही.

चष्मिष्ट
मान्य. पण मराठीत बोलताना 'स्कोर काय झाला' हेच तोंडात बसतं. 'स्कोअर' हा फक्त लिहिण्यातला शब्द आहे.

गणोबा
विसाचं गणित पुढे नेतो. 'थ्री स्कोअर अँड टेन' म्हणजे ३ × २० + १० = ७०. बायबलमधल्या ९०व्या स्तोत्रात माणसाचं आयुष्य एवढं सांगितलंय, त्यामुळे इंग्रजी कथेत असा म्हातारा आला की 'याचं आता भरलंय' ही सूचना आपसूक येते. नुसतं 'सत्तर वर्षांचा' म्हटलंत तर ती छटा गेली. 'सत्तरी गाठलेला' बघा.

लिंकनने १९ नोव्हेंबर १८६३ रोजी गेटिसबर्गला 'फोर स्कोअर अँड सेव्हन इयर्स अगो' अशी सुरुवात केली. ४ × २० + ७ = ८७. १८६३ मधून ८७ गेले, उरले १७७६, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं वर्ष. श्रोत्यांना मनात वजाबाकी करायला लावणारं भाषण!

फ्रेंचमध्ये ऐंशीला आजही 'चार-वीस' म्हणतात. पॅरिसमध्ये तेराव्या शतकात नवव्या लुईने अंधांसाठी एक आश्रम काढला, त्याचं नावच 'पंधरा-वीस', कारण तिथे तीनशे जणांची सोय होती. डॅनिश लोक तर पन्नासला 'अडीच वेळा वीस' म्हणतात, तेही आखूड करून. अडीचकी पाठ केलेल्या मराठी माणसाला त्याची भीती वाटायचं कारण नाही.

मावळती
आपल्याकडे 'कोडी' आहे की. कोडी म्हणजे वीस नग. जुन्या माणसांच्या तोंडी 'तीन इसा', 'पाच इसा' असतंच, इसा म्हणजे विसा. तेव्हा 'थ्री स्कोअर अँड टेन' म्हणजे सरळ 'तीन विसा आणि वर दहा'. कथा जुनी असेल तर हे छान खुलेल.

गणोबा
मावळती, +१. माझं 'सत्तरी' मागे घेतो.

निरुपमा
'स्कोअर्स ऑफ पीपल' चं काय करता तुम्ही लोक? मला बातम्यांचं भाषांतर करताना रोज नडतं. विसाचे गट आहेत खरे, पण आकडा कुणालाच ठाऊक नसतो. 'शेकडो' म्हटलं तर जास्त होतं, 'वीसेक' म्हटलं तर फारच कमी.

अवलिया
एका मशीनने 'स्कोअर्स इंज्युअर्ड' चं 'गुण जखमी' केलेलं मी स्वतः पाहिलंय. एवढा अभ्यास करूनही गुण जखमीच.

मावळती
निरुपमा, 'कित्येक' किंवा 'डझनावारी'. डझन बाराचा असला तरी मराठीत डझनावारी म्हणताना कोण मोजतंय?

काचकाम
बरेच दिवस नुसता वाचतोय, आज विषय आमच्या धंद्याचा निघाला म्हणून लिहितो. काच आम्ही कापत नाही. लोकांना वाटतं कटर फिरवला की काच कापली. कटरचं ते बारीक चाक काचेच्या वरच्या अंगाला फक्त एक तड देतं. तिलाच इंग्रजीत स्कोअर म्हणतात, आम्ही 'रेघ मारणे' म्हणतो. पट्टी धरायची, चाकाला जरा तेल, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा दाब. आवाज बारीक आणि सलग यायला हवा, कागद फाडल्यासारखा. मध्ये आवाज तुटला तर तिथे रेघ बसलेली नाही. आणि एकदाच. नवीन पोरगा हमखास त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा कटर फिरवतो, मग कड पिचते आणि चाकही जातं.

रेघ मारली की लगेच दोन्ही बाजूंना धरून रेघेपासून खाली दाबायचं. तड आपोआप खालपर्यंत उतरते. रेघ मारून काच तशीच ठेवली आणि उद्या मोडायला गेलात तर सरळ मोडेलच याचा भरवसा नाही.

पुठ्ठ्याच्या खोक्याला घडी घालायच्या जागी रेघ दाबलेली असते तोही हाच प्रकार, फक्त तिथे मोडायचं नसतं, वाकवायचं असतं.

कानामात्रा
काचकाम, किती नेमकं लिहिलंत! म्हणजे स्कोअर म्हणजे कापणं नव्हे, कापण्याआधीची खूण?

काचकाम
बरोबर. पुढे काय होणार ते त्या रेघेनेच ठरतं.

तेलकट
इंजिनात उलटं. तिथे स्कोअरिंग झालं म्हणजे संपलं. ऑइल कमी पडलं, पिस्टन गरम होऊन घासला की सिलिंडरच्या आत उभ्या रेघा पडतात. नखाला अडकायला लागल्या की बोअर मारून घ्या, दुसरा इलाज नाही. आमच्याकडे 'लाइनरला रेघा पडल्या' म्हणतात. त्या कुणी आखत नाही, त्या पडतात.

डॉक्टरीणबाई
आमच्याकडे दोन्ही अर्थ आहेत. आधी काचकाम यांच्या जातीचा: गोळीवरची मधली रेघ. ती नक्षी नाही, अर्धी गोळी द्यायची तर तिथे मोडावी म्हणून असते. रेघ नसलेली गोळी सुरीने कापली की दोन अर्धुकं सारखी होत नाहीत. आणि हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय मोडूच नका, दिवसभराचं औषध एकदम अंगात उतरतं.

आता गुणांचा अर्थ. माणूस जन्मला की पहिल्याच मिनिटाला त्याची परीक्षा होते. डॉ. व्हर्जिनिया अपगार या भूलतज्ज्ञ बाईंनी १९५२ मध्ये ही पद्धत आणली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा ताठरपणा, डिवचल्यावरचा प्रतिसाद आणि रंग, प्रत्येकाला ०, १ किंवा २. पहिल्या मिनिटाला एकदा, पाचव्या मिनिटाला पुन्हा. एकूण दहापैकी. पहिल्या मिनिटाला दहा क्वचितच मिळतात, कारण चांगल्या धडधाकट बाळाचेही हातपाय तेव्हा निळसर असतात. एक गुण रंगात जातो. नातेवाईक कागद बघून विचारतात, 'नऊच का?' तिथपासून सुरू होतं बघा.

दुसरा ग्लासगो कोमा स्कोअर, रुग्ण किती शुद्धीवर आहे ते मोजणारा, १९७४ चा. डोळे, बोलणं, हालचाल. जास्तीत जास्त १५, कमीत कमी ३. शून्य मिळतच नाही. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, टेबलालाही तीन मिळतात.

अवलिया
परीक्षेला न बसता तीन? कुठे मिळतो प्रवेश?

सुमतीसुत
आईचा हाडांच्या घनतेचा रिपोर्ट आला, त्यात टी-स्कोअर -२.७. ती म्हणाली, 'आयुष्यात पहिल्यांदा उणे मार्क पडले.' हे नेमकं काय असतं?

गणोबा
डॉक्टरीणबाईंच्या आधी मीच बोलतो, कारण हे संख्याशास्त्र आहे. तरुण निरोगी व्यक्तींच्या हाडांची सरासरी घनता म्हणजे शून्य. तिथून तुम्ही किती प्रमाण विचलनं (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीपासून साधारण किती फरक पडतो त्याचं माप) खाली-वर आहात तो टी-स्कोअर. झेड-स्कोअरही असाच, पण तो आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना करतो. इथे गुण 'मिळत' नाहीत, सरासरीपासूनचं अंतर मोजलं जातं. शंभरपैकी नव्वद गुण आणि नव्वदावा शतमान यातही लोक हीच गल्लत करतात. शतमान म्हणजे तुमच्या मागे किती जण आहेत. पेपर अवघड निघाला तर साठ गुणांनाही नव्वदावा येईल.

डॉक्टरीणबाई
गणोबा बरोबर सांगतायत. -२.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, तेव्हा सुमतीसुत, विनोद बाजूला ठेवून आईला डॉक्टरांकडे न्या. पडू देऊ नका, घरात पायाखाली सुटी सतरंजी नको.

सुमतीसुत
धन्यवाद, वेळ घेतलीय.

हिरवळ
गोल्फमध्ये कमी स्कोअर करणारा जिंकतो हेही नोंदवा. 'जास्त ते चांगलं' हे शाळेने डोक्यात भरलेलं आहे.

यष्टीमागे
क्रिकेटबद्दल अजून कुणीच कसं नाही? अठराव्या शतकात धावांना 'नॉच' म्हणजे खाचाच म्हणत. स्कोअरर मैदानाकडेला काठी आणि चाकू घेऊन बसायचा, धाव झाली की एक खाच. जुनाट यांच्या मेंढ्या इथे पोहोचल्या. आज स्कोअररच्या वहीत टिंबं आणि आकडे असतात, पण धंद्याचं नाव तेच.

सारंगनाद
संगीतातला अर्थ राहिला. पाश्चात्त्य संगीतात स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहिलेलं पुस्तक. बासरी वर, तंतुवाद्यं खाली, आणि मात्रांचे गट दाखवणाऱ्या उभ्या रेघा ओळींना छेदून जातात. त्या रेघांवरूनच नाव पडलं असं सांगतात. म्हणजे परत रेघच.

याला कोणी 'स्वरलिपी' म्हणतं तेव्हा मला खटकतं. स्वरलिपी आपल्याकडे आहे. भातखंड्यांनी बंदिशींना दिली, पलुस्करांची वेगळी आहे. पण ती एका गळ्याची. एकाच क्षणी चाळीस जण काय वाजवतायत हे उभं वाचता येणं ही स्कोअरची गंमत, आणि तशी गरज आपल्या संगीताला पडली नाही.

चित्रपटात स्कोअर म्हणजे गाणी नव्हेत, पार्श्वसंगीत. २००९ च्या ऑस्करमध्ये रहमानला दोन बाहुल्या मिळाल्या: एक स्कोअरची, एक गाण्याची. बऱ्याच जणांना अजून वाटतं दोन्ही त्याच गाण्याला मिळाल्या.

रेघोटी
आणि अंडरस्कोअरला कोण विचारणार? टाइपरायटरवर शब्द टंकायचा, गाडी मागे न्यायची आणि त्याच शब्दाखाली ती रेघ मारत जायचं, यासाठी ती कळ. संगणकाच्या आस्की संकेतांत १९६३ साली त्या जागी डावीकडे जाणारा बाण होता. १९६७ च्या आवृत्तीत बाण गेला, अंडरस्कोअर आला. ज्या कामासाठी जन्मला ते काम आता तो करत नाही. नावांतल्या मोकळ्या जागा बुजवतो. फोनवर कुणाला ईमेल सांगताना 'खालची आडवी रेघ' म्हणावं लागतं, आणि पलीकडचा माणूस हमखास मधली रेघ टाकतो.

ठसका
तरुण मंडळी गप्प आहेत म्हणून सांगतो, नशेचा माल मिळवणं यालाही इंग्रजीत स्कोअर करणंच म्हणतात. आणि लंडनच्या बोलीत वीस पौंडांची नोट म्हणजे 'अ स्कोअर'. हलके घ्या.

जुनाट
वीस पौंडांची ती नोट म्हणजे करंगळीएवढी खाच!

कडूकारले
एवढं चऱ्हाट कशाला? 'गुण' हा मराठी शब्द आहे. लिहा आणि मोकळे व्हा.

निरुपमा
कडूकारले, गुण हा शब्द तरी कुठे सरळ आहे? औषधाचा गुण येतो, पवळ्याला ढवळ्याचा गुण लागतो, कुणी गुण उधळतो आणि संस्कृतात गुण म्हणजे दोरीसुद्धा. पत्रिकेत छत्तीस असतात ते निराळेच. उद्या एखादा इंग्रज असाच धागा काढेल.

कडूकारले
काढू दे. तिथेही मी हेच लिहीन.

कानामात्रा
हसून पुरेवाट झाली. पण माझं शेवटचं वाक्य अजून तसंच आहे हो! 'उट्टे काढायला आला' लिहिलं तर सूड उघड होतो. 'उधारी चुकवायला आला' म्हटलं तर म्हातारा अगदीच सालस होतो. शिवाय 'चुकवायला' म्हणजे टाळायला, असाही घोळ.

मावळती
'परतफेड करायला'? कर्जाचीही होते, अपमानाचीही.

वाचनमग्न
'परतफेड' चांगलं आहे. माझं मत त्याला.

काचकाम
मला भाषेतलं फार कळत नाही, पण गुत्तेवाला चौकटीवर खडूने लिहितो की चाकूने कोरतो? खडू असेल तर पैसे दिले की पुसून टाकता येतं. कोरलेलं पुसता येत नाही.

कानामात्रा
तुमचं वाचून परत मूळ चाळलं. तिसऱ्या परिच्छेदात 'कमरेचा चाकू काढला' असं आहे, आणि पुढच्याच वाक्यात हा स्कोअर. म्हणजे कोरतोच. पैसे दिले तरी खाचा राहणार.

जुनाट
मग दोन्हीकडे 'हिशेब' वापरा. आधी: 'गुत्तेवाल्याने चाकू काढला आणि चौकटीत खाच पाडून त्याचा हिशेब मांडला.' शेवटी: 'म्हातारा हिशेब चुकता करायला परत आला होता.' मराठीत वाण्याचाही हिशेब चुकता होतो आणि वैऱ्याचाही. इंग्रजीत स्कोअरने जो प्रवास केला तोच आपल्या हिशेबाने आपल्या पायांनी केलाय. 'परतफेड' चौकटीवर कोरता येत नाही, म्हणून ते बाद.

मावळती
हरले. हिशेबच.

सारंगनाद
'परत' काढा. 'म्हातारा हिशेब चुकता करायला आला होता.' लयीला बरं.

कानामात्रा
'परत' काढते. घेतलं! जुनाट यांना पैकीच्या पैकी, त्यातला अर्धा काचकाम यांना, चाकूबद्दल.

चष्मिष्ट
'अर्धा' कशातला? गुणांतला अर्धा की विसातला? आणि गालावरच्या रेषा राहिल्याच.

तेलकट
चेहऱ्याला चरे पडले म्हणा. रेघा आखतात, चरे पडतात.

काचकाम
काचेवर नको तिथे ओरखडा उठला की आम्हीही चराच म्हणतो. हा शब्द बसेल.

कानामात्रा
'उन्हावाऱ्याने चरे पडलेले गाल.' बसला. तेलकट, तुमच्या नावानेही मांडून ठेवते. चष्मिष्ट, पूर्ण झालं की मजकूर तुमच्याकडे पाठवणार आहे, शुद्धलेखन तपासायला. नाही म्हणू नका.

चष्मिष्ट
पाठवा. पण 'स्कोर' असेल तर काना-मात्रा माझ्या मनाप्रमाणे.